संग्रहालयातली जीवाश्म-सफाईची प्रयोगशाळा: जागा निवडण्यापासून नमुना कपाटात जाईपर्यंत

हाडावरून काढलेला खडक पुन्हा हाडावर बसवता येत नाही. उडालेला टवका सापडला तर चिकटवता येतो, पण घासून गेलेला पृष्ठभाग कायमचा जातो. स्नायू कुठे जोडलेला होता, शिकाऱ्याचा दात कुठे ओरखडून गेला होता, हे त्या पृष्ठभागावरच लिहिलेलं असतं. म्हणून नव्याने येणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी थांबायला शिकवते, हत्यार नंतर देते.

प्रयोगशाळा उभारतानाही हाच निकष लावा. शंका आली की हात तिथल्या तिथे थांबवता आला पाहिजे आणि केलेलं काम शक्य तितकं मागे फिरवता आलं पाहिजे. अंधुक प्रकाश, आखडलेली मान, नाकात जाणारी धूळ, संध्याकाळी टेबल रिकामं करून द्यायची घाई, या सगळ्यांमुळे माणूस थांबायला हवं तिथे पुढे रेटत राहतो.

जागा

तळमजला घ्या. प्लास्टरचं जॅकेट, म्हणजे खोदकामाच्या ठिकाणी नमुन्याभोवती घातलेलं प्लास्टर आणि गोणपाटाचं कवच, आतल्या खडकासकट शेकडो किलोंचं असू शकतं. वरच्या मजल्याची जमीन ते पेलेल का, ही विचारपूस जॅकेट दारात आल्यावर करून उपयोग नाही. दुहेरी दार, उंबरठा नसलेली वाट, साखळीकप्पी लावता येईल अशी चाकांवरची लोखंडी चौकट आणि चाकांना ब्रेक असलेली भक्कम टेबलं, एवढं आधी ठरवा.

जागेचे चार भाग पाडा: जॅकेट उघडायचा आणि जड कामाचा, सूक्ष्मदर्शकाखालच्या नाजूक कामाचा, रसायनांचा आणि नोंदी-छायाचित्रांचा. मधे भिंती असल्या तर उत्तमच. भिंती परवडत नसतील तर निदान धुळीचं आणि सूक्ष्मदर्शकाचं काम एका खोलीत नको. कॉम्प्रेसर बाहेर किंवा शेजारच्या बंद खोलीत ठेवा, त्याच्या आवाजात दिवस काढणारं माणूस दुपारनंतर चुका करू लागतं.

बेसिनखाली गाळ बसायची टाकी हवी. प्लास्टरचं पाणी सरळ नळीत गेलं तर नळी आतून दगड होते. प्लास्टर नेहमी मऊ प्लास्टिकच्या घमेल्यात कालवा. उरलेलं त्यातच घट्ट होऊ द्या, मग घमेलं पिळलं की वड्या सुटतात.

धूळ

या विभागावर पैसा आणि डोकं दोन्ही खर्च करा. वाळूच्या खडकात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, असतं. ते कोरताना उडणाऱ्या धुळीतले सर्वांत धोकादायक कण डोळ्यांना दिसतच नाहीत, इतके बारीक असतात. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे व्रण होतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी अशा सिलिकाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. इतकी धूळ हवेत असली तरी खोली स्वच्छच दिसते, म्हणून 'आज फारशी धूळ नाही' या अंदाजावर विसंबू नका.

धूळ उठते तिथेच ओढून घ्या. त्यासाठी वाकवता येणारा शोषक हात प्रत्येक टेबलावर लावतात, हत्तीच्या सोंडेसारखा. सोंड कुठे ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे. शोषक तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं अंतर पडलं की हवेची ओढ तोंडाशी असते त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जाते. म्हणजे १५ सेंटीमीटर तोंडाची सोंड ३० सेंटीमीटरवर ठेवली तर ती नुसता आवाज करते. नमुना सरकला की सोंडही सरकली पाहिजे. ही सवय लागायला आठवडे जातात, तोवर शेजारच्याने आठवण करून द्यावी.

सोंड असली तरी मास्क हवाच. कापडी नको, चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि कण गाळणारा हवा. दाढीवर तो नीट बसत नाही आणि कडेने हवा शिरते. जमीन झाडू नका, झाडल्याने खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. हेपा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा किंवा ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचे कपडे हवेच्या नळीने झटकायची सवय कुणाला असेल तर पहिल्याच दिवशी मोडा.

काही ठिकाणच्या जीवाश्म हाडांत युरेनियम मुरलेलं असतं. अशा थरांतून नमुने येत असतील तर आल्याबरोबर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, फिरवा आणि ते कोंदट बंद कपाटात ठेवू नका, तिथे युरेनियमपासून होणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू साठतो.

हवा, प्रकाश, बैठक

एअर स्क्राइब म्हणजे हवेच्या दाबावर धडधडणारी, लेखणीसारखी धरायची छोटी छिन्नी. बहुतेकांना ९० ते १०० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाब लागतो. अनेकांना काम सुरू करण्याआधी हलक्या तेलाचे एकदोन थेंबही द्यावे लागतात. याउलट एअर अब्रेझिव्ह, म्हणजे बारीक भुकटीचा फवारा मारणारं यंत्र, तेलाच्या किंवा ओलीच्या नुसत्या वासानेही तुंबतं. दोघांच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवा आणि फवाऱ्याच्या नळीवर पाणी गाळणारं आणि हवा सुकवणारं उपकरण बसवा. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज संध्याकाळी सोडा.

सूक्ष्मदर्शक दोन्ही डोळ्यांनी बघायचा, स्टिरिओ हवा आणि लांब आडव्या दांड्यावर बसवलेला हवा, म्हणजे मोठा नमुनाही खाली सरकवता येतो. ०.५ पटीची जोडभिंग लावली की नमुना आणि भिंग यांतलं अंतर जवळपास दुप्पट होतं आणि हत्यार फिरवायला जागा मिळते. भिंगाखाली साधी पारदर्शक काच लावा. उडालेली कपची काचेवर आदळू दे, काच स्वस्तात बदलता येते.

दिवे दोन. एक वरून, एक जवळजवळ आडवा. हाड आणि खडक एकाच रंगाचे असले की वरचा दिवा काही सांगत नाही. आडव्या उजेडात मात्र हाडाचा गुळगुळीतपणा आणि खडकाचा रवाळपणा वेगवेगळ्या सावल्या टाकतात. मोठ्या नमुन्याभोवती मी दिवा हातात घेऊन फिरते, कामाला बसण्याआधी निदान दोनदा.

खुर्चीची उंची बदलता यावी, कोपरांना आधार असावा. स्क्राइबच्या कंपनाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडू शकतात. थंडीत बोटं पांढरी पडणं किंवा बधिर होणं ही त्याची सुरुवात. युरोपात हातातल्या कंपनासाठी दिवसाकाठी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दखल घ्यायची पातळी आहे आणि ५ ही कमाल मर्यादा. आकडे मोजायची सोय नसेल तर वीसेक मिनिटं स्क्राइब, मग सुई किंवा नोंदी, अशी पाळी लावून घ्या. हत्यार आवळून धरू नका, हलक्या पकडीत कंपन हातात कमी उतरतं.

हत्यारं

सुरुवातीला फार हत्यारं लागत नाहीत. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीत, बसवलेली कार्बाइडची सुई, दातांच्या डॉक्टरांकडची जुनी हत्यारं, मऊ आणि राठ कुंचले, रबरी फुगा आणि वाळूच्या पिशव्या. वाळूच्या पिशव्या वेगवेगळ्या मापांच्या शिवून घ्या आणि पूर्ण भरू नका, अर्धवट भरलेली पिशवीच हाडाचा आकार घेते. सुईला धार लावायला हिऱ्याच्या भुकटीचं चाक हवं. बोथट सुईवर हात नकळत जोर देतो आणि तीच सुई सटकून हाडात जाते.

यंत्रांत एक मध्यम आणि एक बारीक एअर स्क्राइब घ्या. अब्रेझिव्हची खरेदी सहा महिने पुढे ढकलली तरी चालेल. तो घ्याल तेव्हा भुकटीची कठिणता लक्षात असू द्या. मोह्सच्या १ ते १० च्या मापावर हाडातलं अपेटाइट हे खनिज ५ आहे, खाण्याचा सोडा २.५ च्या आसपास, डोलोमाइट ३.५ ते ४ आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ९. शेवटची भुकटी हाड खाते. सोड्याने सुरुवात करा, दाब कमीत कमी ठेवा आणि आधी त्याच नमुन्याच्या बिनकामाच्या खडकावर चाचणी घ्या.

गोंद आणि द्रावणं

प्रयोगशाळेत काय चिकटवतात हे बघितलं की तिथल्या कामाचा दर्जा कळतो. शंभर वर्षांनी कुणाला तो सांधा सोडवावा लागेल, तेव्हा तो सुटला पाहिजे. म्हणून पहिली पसंती पॅरालॉइड बी-७२ ला. हे ॲक्रिलिक राळेचे पारदर्शक दाणे असतात. ॲसिटोनमध्ये विरघळतात, वर्षानुवर्षं पिवळे पडत नाहीत आणि पुन्हा ॲसिटोन लावलं की सुटतात.

दोन बाटल्या कायम तयार ठेवा. भुसभुशीत हाडात मुरवायला ३ ते ५ टक्क्यांचं पातळ द्रावण (१०० मिलिलिटर द्रावणात ३ ते ५ ग्रॅम दाणे) आणि सांधे जोडायला ५० टक्क्यांचं दाट. दाणे थेट बाटलीत टाकले तर तळाशी चिकटून गोळा होतो. पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ॲसिटोनमध्ये लोंबकळत ठेवा, रात्रभरात विरघळतात. प्रत्येक बाटलीवर राळेचं नाव, टक्केवारी, द्रावक आणि तारीख लिहा.

मुरवताना नेहमी पातळ आधी. दाट द्रावण वरच थिजतं, वर चकचकीत कवच होतं आणि आतलं हाड पोकळ राहतं. हाड ओलं असेल तर ॲसिटोनमधल्या राळेने पांढरा सायीसारखा थर येतो, म्हणून आधी सावकाश सुकू द्या. बी-७२ सुमारे ४० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो. तापणाऱ्या खोलीत जड मांडीचं हाड नुसत्या त्याच्या सांध्यावर उभं करू नका, खालून आधार द्या. जास्त ताण येणार असेल तिथे ब्युटव्हार बी-७६ ही दुसरी राळ अधिक चिवट पडते.

सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, याच्याबद्दल स्वतःवर गेलेलं सांगते. शिकाऊ असताना एका बरगडीचे सात तुकडे मी एका दुपारी त्याने जोडले. पहिल्या सांध्यात खडकाचा केसाएवढा कण राहिला होता. सांधा हाताला घट्ट लागला, म्हणून पुढे गेले. पाचव्या सांध्याशी बाक बोटभर सरकलेला दिसला आणि सहावा तुकडा बसेचना. हाडाच्या छिद्रांत मुरलेला तो गोंद काढताना सांध्यांच्या कडा गेल्या, आणि त्या कडाच तुकडे कसे बसतात ते सांगत होत्या. आता मी सगळे तुकडे आधी कोरडेच जुळवून बघते, वाळूच्या परातीत उभे करते म्हणजे वरचा तुकडा आपल्याच वजनाने खालच्यावर बसतो, आणि मग एकेक सांधा बी-७२ ने जोडते. एका सांध्याला एक दिवस गेला तर जाऊ दे.

ॲसिटोन उणे २० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्याचा साठा लोखंडी, ज्वलनशील द्रवांसाठीच्या कपाटात ठेवा आणि ठिणगी उडवणारं काहीही जवळ नको.

जॅकेट उघडणं

आधी कागद उघडा. जॅकेटवरचा क्रमांक, उत्तर दिशेचा बाण, 'वरची बाजू' ही खूण आणि खोदकामाच्या वहीतला नकाशा जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर खोदणाऱ्यांना विचारल्याशिवाय करवत लावू नका.

मग चारही बाजूंनी, मापपट्टी ठेवून छायाचित्रं घ्या. कापायला हाडांच्या डॉक्टरांकडे असते तशी कंपन करणारी करवत वापरा. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी हलतं. वरचं टोपण निघेल एवढंच कापा. खालचा अर्धा भाग काम संपेपर्यंत नमुन्याचा पाळणा म्हणून राहतो. टोपण उचलताना दोघं असावेत आणि आतला कागदाचा थर हाडाला चिकटलाय का ते एकाने कडेने बघत राहावं. चिकटला असेल तर थोडं ओलं करून, वाट बघून सोडवा.

जॅकेटमधली सुटी माती फेकू नका. खोक्यात भरून क्रमांक घाला. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतल्यावर तिच्यात सरड्यांचे जबडे आणि माशांचे दात सापडू शकतात, आणि त्या जागी कोण जगत होतं हे कळायला मोठ्या हाडाइतकाच त्यांचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष काम

हाड जिथे उघडं आहे तिथून सुरू करा आणि तिथूनच त्याचा माग काढत जा. मधेच कुठेतरी भोक पाडून 'इथे असेल' म्हणून शोधू नका. हाडावर चार-पाच मिलिमीटर खडक उरेपर्यंत मध्यम स्क्राइब चालतो. त्याच्या आत बारीक स्क्राइब आणि शेवटचा पापुद्रा सुईने. टोक अशा कोनात धरा की कपची हाडापासून दूर उडेल. छान जमतं तेव्हा खडक खपलीसारखा आपसूक सुटतो आणि खाली हाडाचा मूळ पृष्ठभाग दिसतो.

एक क्षण जवळून सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली राखाडी खडक आहे, एकेक रवा सुईच्या टोकाने सुटतोय. मग एक रवा सुटतो आणि त्याच्या जागी तपकिरी काहीतरी चमकतं, बाकीच्या कशासारखंही नसलेलं. ते दाताचं एनॅमल असतं. इथे हात उचला. नोंदीच्या कागदावर जागा आखा, छायाचित्र घ्या, कडेला पातळ द्रावणाचा एक थेंब सोडा आणि सुकेपर्यंत दुसरं काम करा. नंतर त्याच कडेला करवतीसारखे दाते दिसू लागतात, मिलिमीटरमध्ये दोन-तीन बसावेत इतके बारीक. घाईत पुढची कपची उडवली असती तर त्यातले चार दाते शोषक सोंडेत गेले असते.

हाड की खडक हे कळत नसेल तर मद्यार्काचा थेंब सोडा. ओल्यात रंगांचा फरक उठून दिसतो आणि मद्यार्क लगेच उडून जातो. मातकट खडकावर पाणी मात्र जपून, माती फुगते आणि हाड फाकतं. खडक हाडापेक्षाही घट्ट चिकटून बसला असेल तर तिथे तो तसाच राहू द्या. सीटी स्कॅनमध्ये त्याच्या आतलं बघता येतं. संशोधकाला कुठला भाग हवा आहे हे आधी विचारून घ्या, सगळा नमुना चकचकीत करायची गरज क्वचितच असते.

तुकडा उडाला तर यंत्र बंद करा, जागचं हलू नका आणि आधी मांडीवर, बाहीवर बघा. टेबलाच्या कडेला पट्टी आणि खाली पांढरी चादर असली तर बहुतेक तुकडे मिळतात.

आम्लाचं काम

चुनखडीतल्या हाडांसाठी सौम्य ॲसिटिक आम्ल हा उत्तम मार्ग आहे. चुनखडी कार्बोनेट असते, हाड मुख्यतः फॉस्फेट. आम्ल पहिल्याला विरघळवतं, दुसऱ्याला बरंचसं सोडून देतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागातल्या हॅरी टूम्ब्स यांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गोगो इथले डेव्होनियन काळातले, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे, मासे अशाच आम्लातून बाहेर आले. चिरडले न गेलेले, कवटीचं हाडन् हाड सुटं आणि अखंड.

तीव्र ॲसिटिक आम्ल कातडी भाजतं, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीही नाही. प्रमाण सुमारे ५ टक्के ठेवा आणि त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळा, म्हणजे आम्लाला फॉस्फेट आधीच मिळतं आणि ते हाडाला कमी लागतं. एकदोन दिवस आम्लात, मग त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट वेळ वाहत्या पाण्यात, मग सुकवणं, मग उघड्या पडलेल्या हाडावर बी-७२ चा पातळ हात, आणि पुन्हा आम्ल. धुण्यात कसूर झाली तर आत राहिलेल्या क्षारांचे स्फटिक होतात आणि काही महिन्यांनी हाड आतून फुटतं. शिंपले आणि इतर कार्बोनेटचे जीवाश्म या आम्लात नाहीसे होतात, तेव्हा खडकात आणखी काय आहे ते आधी बघा.

नोंद

प्रत्येक नमुन्याला एक कागद. तारीख, कुणी काम केलं, कुठलं हत्यार, किती दाब, कुठली राळ किती टक्क्यांची, कुठे लावली, कुठला तुकडा कुठे जोडला आणि किती खात्रीने. 'बहुधा' वाटत असेल तर 'बहुधा' असंच लिहा. नमुना अर्धवट सोडून उठताना उद्या कुठून सुरू करायचं तेही लिहा. हा कागद नमुन्याबरोबर कायम राहतो. जुना नमुना दुरुस्तीला आला आणि कागदच नसला तर अतिनील दिव्याखाली धरून बघा. जुने गोंद आणि रंगवलेली भर तिथे बरेचदा हाडापेक्षा वेगळ्या रंगात चमकतात.

कपाटात

काम संपलेल्या नमुन्याला त्याच्या आकाराचा पाळणा करा. लहान हाडांसाठी पॉलिएथिलीन फोम कोरला की पुरतं. मोठ्या हाडासाठी फायबर आणि प्लास्टरचं दोन भागांचं कवच करा, आतून मऊ अस्तर लावून. मग हाडाला हात न लावता ते पालथं करून दुसरी बाजू दाखवता येते. कवचाबाहेर क्रमांक, वजन आणि 'दोघांनी उचला' असं ठळक लिहा. ओकच्या लाकडाची कपाटं टाळा, त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते.

पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असलेले नमुने वेगळ्या घट्ट डब्यांत, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतेचा मापक घालून ठेवा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइट भराभर कुजतं, म्हणून मापकाचा काटा ४५ च्या खाली हवा. दर सहा महिन्यांनी डबा उघडून वास घ्या. गंधकाचा उग्र वास, भेगांत पिवळी-पांढरी भुकटी किंवा कडेने करपलेलं लेबल दिसलं तर तो नमुना त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा, भुकटी कोरड्या कुंचल्याने काढा, लेबलाची नवी प्रत करा आणि डब्यातलं जेल बदला.